सुटे भाग मिळेनासे झाले की लष्कराची रायफल बदलायलाच लागते का? भाग बनवून घेतले तर चालणार नाही का?

लागते. आणि तुम्हाला वाटतं त्याच्या बरीच आधी लागते.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की शेवटी लोखंडच आहे, जुनी बुलेट मोटारसायकल भाग बनवून बनवून चाळीस वर्षं चालते, मग एसएलआर किंवा तिच्यानंतर आलेली इन्सास, या आपल्या लष्कराच्या जुन्या रायफलींचे भाग बाहेरून बनवून घेतले असते तर एवढ्या परदेशी सिग आणि एके रायफली घ्यायची गरजच काय होती. हे वाचलं आणि राहवेना, कारण जवळपास हेच वाक्य मला एका साहेबांनी ऐकवलं होतं, त्या वेळी माझ्या बाहीवर तीन पट्ट्या होत्या आणि त्यांच्या खांद्यावर स्टार, त्यामुळे मला जे बोलायचं होतं ते अर्धंच बोलता आलं. उरलेलं इथे लिहितो.

मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची यंत्रं आणि शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, आर्मरर होतो. युनिटच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जे काही असेल ते चालतं ठेवणं हे काम. रायफल, कार्बाइन, एलएमजी (हलकी मशीनगन), पिस्तूल सगळं. मोटारसायकलची गोष्ट वेगळी आहे हो. तिचा एखादा भाग फेल गेला तर ती रस्त्यात बंद पडते आणि तुम्ही ढकलत नेता. रायफलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, गोळी सुटते तेव्हा हवेच्या दाबाच्या हजारो पट दाब तयार होतो आणि तो दाब अडवून धरणारा लोखंडाचा तुकडा जवानाच्या गालापासून वीतभर अंतरावर असतो, तो तुकडा बरोबर मापाचा आहे का नाही एवढाच प्रश्न आहे, बाकी सगळं नंतर.

लोकांना वाटतं रायफल म्हणजे बॅरल. बॅरल घासते, नाही असं नाही, पण शांततेच्या जागी असलेल्या युनिटात वर्षाला जेवढं फायरिंग होतं त्यात बॅरल खूप टिकते. आधी संपतात ते बोटाच्या पेराएवढे भाग. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा, त्याच्या मागची इवलीशी स्प्रिंग, गोळीच्या बुडावर आपटणारी फायरिंग पिन, पिस्टनची स्प्रिंग, एसएलआरच्या बटमध्ये एकात एक बसवलेल्या दोन रिटर्न स्प्रिंगा. जुनी रिटर्न स्प्रिंग आणि कोरी स्प्रिंग टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, जुनी सरळ आखूड दिसते, माप घ्यायचीही गरज पडत नाही. आणि एक भाग थकला की तो एकटा थांबत नाही. एक्स्ट्रॅक्टरची पकड गेली की रिकामी पुंगळी चेंबरमध्ये अडकायला लागते, मग जवान काय करतो, गॅस रेग्युलेटर फिरवून गॅस वाढवतो, कारण त्याला तेच शिकवलंय, रायफल अडकायला लागली की गॅस वाढव. रायफल त्या वेळेपुरती चालते, पण आता ब्रीच ब्लॉक, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा तुकडा, आणि त्याला वाहून नेणारा कॅरिअर जास्त जोरात मागे आपटतात, त्यात बाकीचे धडधाकट भागही मार खातात आणि स्प्रिंगांचं आयुष्य आणखी कमी होतं. काही रुपयांची स्प्रिंग मिळाली नाही म्हणून अख्खी रायफल खलास होते ती अशी.

आणि स्पेअर एका दिवसात संपत नाहीत, कुणी पत्र काढून कळवतही नाही. कारखान्यात नवी रायफल सुरू होते, मशीन आणि माणसं तिकडे वळतात, जुनीचे भाग डेपोत जेवढे असतील तेवढ्यावर चालू राहतं. आधी इंडेंट केलेल्या, म्हणजे मागवलेल्या, दहातले सात मिळतात, मग तीन, मग कागद परत येतो आणि त्यावर एनए लिहिलेलं असतं, नॉट अव्हेलेबल. गंमत बघायला गेलं तर मोठे भाग मिळत राहतात, बट मिळेल, हँडगार्ड मिळेल, स्लिंग तर कितीही मिळेल. जे खरंच झिजतं तेच मिळत नाही कारण तेच सगळ्यांना एकदम हवं असतं.

आता ती साहेबांची गोष्ट. इन्सास पहिल्या फळीच्या पलटणींना मिळून गेली होती आणि आमच्यासारख्या मागच्या युनिटांकडे एसएलआर राहिल्या होत्या. माझ्याकडे बऱ्याच रायफलींना बीएलआरचं लेबल होतं, म्हणजे युनिटपातळीवर दुरुस्त न होणाऱ्या, वर्कशॉपला पाठवायच्या. वर्कशॉप म्हणायचं भाग आले की पाठवा, आणि भाग येत नव्हते. तोंडावर वार्षिक इन्स्पेक्शन. साहेब नवीनच आलेले, माणूस म्हणून वाईट नव्हते, जवानांच्या सुट्ट्यांसाठी भांडायचे हे मी आजही सांगतो, पण त्यांच्या डोक्यात एकच, की कागदावर जेवढ्या रायफली आहेत तेवढ्या रॅकवर चालू स्थितीत दिसल्या पाहिजेत. त्यांनी हुकूम दिला की हिचा ब्रीच ब्लॉक तिला, तिची पिन हिला असं करून सगळ्या पूर्ण करा.

इथे ज्यांना एसएलआर माहीत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायलाच लागेल. एसएलआर मूळची बेल्जियमची एफएन फाल, आपली १ए१ इशापूरला बनायची. तिच्यात बोल्टला, म्हणजे ब्रीच ब्लॉकला मागून आधार देते ती एक आडवी पट्टी, लॉकिंग शोल्डर. ही पट्टी एकाच मापाची नसते. इंचाच्या हजाराव्या भागाच्या फरकाने वेगवेगळ्या मापांत येते आणि प्रत्येक रायफलीला तिच्या बॅरल आणि तिच्या ब्रीच ब्लॉकच्या जोडीला जुळणारी निवडून बसवतात. म्हणून तर बॉडीवर आणि ब्रीच ब्लॉकवर एकच नंबर मारलेला असतो. तुम्ही या रायफलीचा ब्लॉक त्या रायफलीत टाकला तर तो बसेल, छान खटकन बसेल, ट्रिगरही पडेल, पण हेडस्पेस, म्हणजे बंद ब्लॉकपासून चेंबरमध्ये गोळी टेकते तिथपर्यंतचं अंतर, किती झाला ते गेज (मापाचा ठोकळा) घातल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गो गेज चेंबरमध्ये घातला तर रायफल बंद झाली पाहिजे, त्याहून लांब नो-गो गेज घातला तर बंद होता कामा नये, बस. आणि माप चुकलं तर नवी पट्टी लागते, ती बसवायला वर्कशॉप लागतं.

मी साहेबांना म्हटलं अदलाबदल करतो सर, पण प्रत्येक रायफल गेज केल्याशिवाय फिटनेसवर सही करणार नाही, आणि गेजमध्ये जी नापास होईल ती रॅकवरून काढून तिचे भाग अधिकृतपणे बाकीच्यांसाठी वापरू, कागदावर तसं लिहू. ते म्हणाले संख्या कमी दिसेल. मी म्हटलं कमी आहेच सर. त्यावर तुमच्या बुलेटसारखंच वाक्य आलं, फक्त जीपचं, की आर्मी जुन्या जीपगाड्या भाग बदलून बदलून किती वर्षं चालवते, तुम्ही एका रायफलीचं काय घेऊन बसलात, आर्मररचं काम फिट करणं, सल्ला देणं नाही.

अदलाबदल झाली. माझ्या हातून नाही झाली, दुसऱ्याकडून करून घेतली आणि सहीही दुसऱ्याची झाली. इन्स्पेक्शन उत्तम पार पडलं. त्यानंतर रेंजला फायरिंग होतं. मी मुद्दाम प्रत्येक लेनच्या मागे फिरून पुंगळ्या वेचत होतो, कारण पुंगळी खोटं बोलत नाही. एका लेनच्या पुंगळ्यांवर बुडापासून बोटभर वर एक चकचकीत गोल रेघ दिसली, अगदी पातळ, जणू कुणी नखाने ओढलीय. मी एक तार टोकाशी वाकवली आणि पुंगळीच्या तोंडातून आत घालून भिंत खरवडत खाली नेली, रेघ होती तिथे आतून तार खाचेत अडकली. म्हणजे पितळ तिथे ताणून पातळ झालंय, हेडस्पेस जास्त आहे, अजून थोडं ताणलं असतं तर पुंगळी त्या रेघेवर तुटून पुढचा अर्धा भाग चेंबरमध्येच राहिला असता आणि जळता गॅस मागे आला असता. ती लेन थांबवली. रायफलीचा नंबर बघितला, बॉडीवर एक आणि ब्रीच ब्लॉकवर दुसराच. गेज घातला, नो-गोवर आरामात बंद झाली.

कुणाला काही झालं नाही. मी त्या पुंगळ्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या, त्यांनी तार घालून स्वतः बघितलं आणि म्हणाले ठीक आहे, ही एक बाजूला काढा. एक! मी म्हणत होतो सगळ्या गेज करा. तो वाद तिथेच राहिला, पुढे माझी बदली झाली.

तर मुद्दा असा, की भाग काढून दुसऱ्याला लावणं, ज्याला आम्ही कॅनिबलायझेशन म्हणतो, ते पाप नाही. जगातलं प्रत्येक सैन्य करतं, विमानांचंही करतं. पाप आहे ते लपून करणं. उघडपणे केलं की वरच्या माणसाला दिसतं की यांच्याकडे शंभर नाहीत, ऐंशीच आहेत, पुढच्या वर्षी सत्तर असतील, आणि मग तो नव्या रायफलीची फाईल हलवतो. लपून केलं की कागदावर शंभरच्या शंभर, मग वरती बसलेल्याला घाई का वाटावी? नवी रायफल उशिरा येण्याचं एक मोठं कारण मला तरी हेच वाटतं, की प्रत्येक पातळीवर कुणीतरी आकडा गोड करून पुढे पाठवतो. साहेबांशी माझं भांडण एवढंच होतं आणि ते मी आजही मागे घेत नाही.

आता बाहेरून भाग बनवून घेण्याचं. बनतात, का नाही बनणार. आकार कुठल्याही चांगल्या मशीनवर निघेल, पण स्टील कुठलं, त्याला उष्णता किती दिली, थंड कसं केलं, कडकपणा किती, हे आकारात दिसत नाही. फायरिंग पिनचं टोक मऊ असेल तर चेपतं आणि प्रायमर, म्हणजे गोळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी, पेटत नाही, नको तेवढं कडक असेल तर तुटतं, केसभर लांब असेल तर प्रायमरला भोक पडून गॅस बोल्टमध्ये शिरतो. एक्स्ट्रॅक्टर स्प्रिंग आकाराने हुबेहूब असते आणि थोड्याच फायरिंगनंतर दबून तिचा जोर जातो. मूळ ड्रॉइंग, मूळ स्पेसिफिकेशन आणि तपासणी करणारं कुणीतरी असेल तरच हे भाग धरायचे, आणि ते सगळं उभं करायचं म्हणजे छोटा कारखानाच उभा करायचा, मग तेवढ्या खर्चात जुनीच रायफल का जिवंत ठेवायची हा प्रश्न येतोच.

ब्रिटननं हे करून दाखवलंय हेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू मांडतो. त्यांची एसए८० रायफल सुरुवातीला फार बदनाम होती. २००० नंतर त्यांनी ती फेकून न देता हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीकडून बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, स्प्रिंगा, मॅगझिन असे भाग नव्याने डिझाइन करून सुमारे दोन लाख रायफलींत बसवले आणि ती रायफल खरंच सुधारली. अमेरिकेची एम१६ घ्या, डिझाइन १९५० च्या दशकातलं, पण तिचे भाग बनायचे कधी थांबलेच नाहीत, आज अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे तिला आणि एम४ ला स्पेअरचा दुष्काळ माहीतच नाही. रायफलीचं वय किती याला काही अर्थ नसतो, भागांची लाइन चालू आहे का बंद ते बघायचं.

उलट उदाहरण कॅनडाचं. तिथे उत्तरेकडच्या बर्फात गस्त घालणारे रेंजर्स आहेत, १९४७ पासूनचे, त्यांच्याकडे ली-एनफील्ड होत्या, आपल्या पोलिसांच्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या बहिणी. उत्तम चालायच्या, रेंजर्सना बदलायच्याही नव्हत्या, पण भाग संपत आले म्हणून बदलल्या. आणि बदलताना त्यांनी फॅशन बघितली नाही. बर्फ, एकटा माणूस, समोर पांढरं अस्वल येऊ शकतं, तर पुन्हा बोल्ट-अ‍ॅक्शनच घेतली, फिनलंडची टिक्का, कॅनडातच लायसन्सवर बनवून, सी१९ नावानं. मला हे फार पटलं. काम काय आहे ते आधी ठरवा.

आपल्याकडे उलटं होत आलंय, काम ठरेपर्यंत वेळ निघून जाते. एसएलआर बदलायची म्हणून पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेनं इन्सास केली, तिला उशीर झाला म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला घाईघाईनं बाहेरून एके आणाव्या लागल्या. इन्सास आली, कारगिलच्या थंडीत तिचं प्लॅस्टिकचं मॅगझिन तडकायला लागलं हे १९९९ सालीच सगळ्या देशाला कळलं. मग २०११ ला बॅरल बदलून दोन वेगळ्या मापांच्या गोळ्या मारणाऱ्या मल्टी-कॅलिबर रायफलीचं टेंडर निघालं, कागदावर इतक्या अपेक्षा की कुठलीच रायफल पुरी पडेना, २०१५ ला ते रद्द. पुन्हा घाई, २०१९ ला अमेरिकेकडून ७२,४०० सिग ७१६. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ या नव्या रशियन डिझाइनच्या रायफलीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, पण सहा लाखांहून जास्त रायफलींचा करार सह्या होऊन पक्का झाला तो डिसेंबर २०२१ मध्ये आणि पहिल्या ३५,००० रायफली दिल्याची बातमी आली २०२४ च्या जुलैत. या सगळ्या वर्षांत कोतमधल्या आर्मररनं काय केलं असेल? इन्सासवर इन्सासचे भाग लावत बसला असेल. पोलिसांचं तर विचारूच नका, उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात, आणि २६/११ ला मुंबईत सीएसटीवर एकेसमोर थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे राहिलेले पोलीस आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

आता रायफल बदलतात कसं, तर थोडक्यात, आधी युजर ट्रायल होतात, वाळवंटात, बर्फात, चिखलात, मग पैसे, मग करार, मग टप्प्याटप्प्यानं पलटणी बदलतात, पहिली फळी आधी. त्यात मला विचाराल तर करारात बघायचं एकच पान असतं, स्पेअरचं. रायफलींबरोबर किती वर्षांचे भाग, गेजचे सेट किती, आर्मररचं ट्रेनिंग कुठे, आणि भागांची लाइन बंद करायची असेल तर कंपनी किती वर्षं आधी सांगणार. हे नसेल तर रायफल कितीही भारी असो, वीस वर्षांनी कुणीतरी पुन्हा टेबलावर स्प्रिंगा शेजारी शेजारी ठेवून बघत बसणार. दुसरं म्हणजे कॅलिबर, गोळीचं माप. सिगला ७.६२ बाय ५१, एकेला ७.६२ बाय ३९, इन्सासला ५.५६, एका ब्रिगेडच्या स्टोअरमध्ये तीन प्रकारचा दारूगोळा आणि तीन प्रकारचे भाग सांभाळायचे, यात चुका व्हायला किती वेळ लागतो हे स्टोअर सांभाळलेला माणूसच सांगेल. माझं मत, मधल्या काळात थोड्या थोड्या वेगळ्या रायफली घेणं हा सगळ्यात महाग मार्ग आहे, दिसायला स्वस्त दिसतो एवढंच.

थोडं राहिलंय ते सांगतो. हे सगळं साध्या सर्व्हिस रायफलीबद्दल आहे, स्नायपर आणि एलएमजीचा हिशोब वेगळा. इन्सासला मी सरसकट वाईट म्हणत नाही, नीट ठेवलेली इन्सास सुंदर ग्रुप देते, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागतात, मी स्वतः पाहिलंय, तिच्या तक्रारी नंतर बऱ्याच कमीही झाल्या. आणि एके-२०३ इथेच बनणार असल्यामुळे तिच्या भागांचं तरी पुढे बरं व्हावं. तुमच्यापैकी कुणाकडे लायसन्सची जुनी बंदूक असेल तर मी वर लिहिलेली तार वगैरे वापरून घरी निदान करत बसू नका, परवाना असलेल्या गनस्मिथकडे द्या आणि हेडस्पेस बघायला सांगा, तो गेज काढत नसेल तर दुसऱ्याकडे जा.

आता इन्सास पहिल्या फळीतून निघतील आणि मागच्या युनिटांकडे, पोलीस दलांकडे जातील, जशा एसएलआर आमच्याकडे आल्या होत्या. ज्यांच्याकडे त्या येणार त्यांनी ताब्यात घेतानाच प्रत्येक रायफलीचे बॉडी आणि बोल्टचे नंबर जुळवून बघावेत, सगळ्या गेज करून घ्याव्यात, नापास होतील तेवढ्या त्याच दिवशी लेखी परत कराव्यात किंवा भागांसाठी म्हणून वेगळ्या रजिस्टरला चढवाव्यात, आणि वरून कुणी म्हणालं संख्या कमी दिसेल तर दिसू द्यावी.